दिवेकाकांची साक्ष

जन्मभर समुद्रातल्या खडकावर एकटा राहिलेला माणूस घुमा असणार, असं लोक धरून चालत. दिवेकाका तसे मुळीच नव्हते. रजेवर किनाऱ्याला आले की बोटीतून पाय खाली टेकायच्या आत त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. न्हाव्याकडे बसले की साबण गालावर वाळून जाई, पण काका तोंड मिटायला तयार नसत. न्हावी वस्तरा हातात धरून नुसता उभा.

"अहो, मध्ये श्वास तरी घ्या," काकू म्हणायच्या.

"तिकडे तेच तर करतो," काका म्हणायचे. "इकडे येऊनही श्वासच घेत बसू का?"

नोकरी दिव्याची. बंदरातून सकाळी निघालेली बोट दुपार कलल्यावर पोहोचायची, इतक्या आत एक खडक होता. बेट म्हणावं एवढा त्याचा जीव नव्हता. त्यावर दगडी मनोरा, मनोऱ्यात झोपायची गोल खोली, टोकाला दिवा, आणि पायथ्याशी पावसाचं पाणी साठवायची टाकी. बाकी हातपाय मोकळे करता येतील इतपत सपाट जागा. काकांनी एकदा फुटक्या बादलीत कांदे लावून पाहिले. खाऱ्या वाऱ्यानं ते जळून गेल्यावर त्यांनी शेतीचा नाद सोडला. दिवसा भिंगाच्या काचा मऊ कातड्यानं पुसायच्या, पितळ घासायचं, तेल गाळायचं, दिवा फिरवणाऱ्या यंत्राला किल्ली द्यायची. सूर्य टेकला की दिवा लावायचा. या कामात त्यांनी कधी हयगय केली नाही, हे त्यांचे शत्रूही कबूल करत. अर्थात त्यांना शत्रू असे नव्हतेच.

त्या काळी खडकाच्या अल्याडचा आणि पल्याडचा, असे दोन्ही किनारे एकाच देशात होते. खडक कुणाचा, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. मग पलीकडचा किनारा फुटून वेगळा झाला. तिकडच्या लोकांनी आपलं सरकार नेमलं, झेंडा केला, टपालाची तिकिटं छापली. आमच्या सरकारनं जाहीर केलं, की असा कुठला देश आम्हाला माहीत नाही. रेडिओच्या बातम्यांत त्याचं नाव घेत नसत, 'पलीकडचा किनारा' म्हणत. शाळेतल्या नकाशात तो भाग आपल्याच रंगात राहिला. तिथे माणसं राहत होती, कर भरत होती, लग्नं करत होती. फक्त ती कुठल्या देशात राहत नव्हती, असं आमचं अधिकृत मत होतं.

या मताचा पहिला फटका दिवेकाकांना बसला. मधलं पाणी कुणाचं हे ठरलेलं नसल्यामुळे सरकारी बोट तिकडे पाठवणं अवघड झालं. आधी ती उशिरा यायला लागली, मग एखाददुसरा खाडा, मग यायचीच बंद झाली. शेवटच्या खेपेला खलाशानं वरिष्ठांचा हुकूम तोंडी सांगितला, "जागा सोडायची नाही." काकांकडे स्वतःची होडी नव्हती, त्यामुळे तो हुकूम मोडणं त्यांना तसंही जमणार नव्हतं.

टाकीचा तळ दिसायला लागला होता, तेव्हा एक दिवस पाण्यावरून शिट्टी ऐकू आली. कुणीतरी झकास सुरात शिट्टी वाजवत येत होतं. काका धावत खाली गेले. एका मासेमारी होडीत एक लांबलचक हातापायांचा माणूस वल्ही उचलून बसला होता.

"कुठला रे तू?" काकांनी विचारलं.

"पलीकडचा."

काका ताठ झाले. गणवेशाचं वरचं बटण लावून म्हणाले, "मी तुमचा देश मानत नाही."

"बरं," तो म्हणाला. "पाणी मानता का? दोन पिंपं आणलीत."

काकांना हसू आवरलं नाही. ती त्यांची पहिली भेट. त्याचं नाव त्यांनी पुढे कधी घेतलंच नाही; त्यांच्या तोंडी तो कायम 'शिट्टीवाला' राहिला, आणि त्याच्या तोंडी काका 'दिवेवाला'.

शिट्टीवाला मग येतच राहिला. पाणी आणायचा, तांदूळ आणायचा, आणि तेल आणायचा. तेलाच्या डब्यांवर पलीकडच्या बंदरखात्याचा शिक्का असायचा. काकांनी पहिल्यांदा तो डबा परत होडीत ठेवला. शिट्टीवाल्यानं तो पुन्हा उचलून पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "आमची पोरंसुद्धा याच दिव्यावर घरी येतात. तुझ्या सरकारसाठी नको घेऊस, माझ्या धाकट्या भावासाठी घे." काकांनी घेतला. दोघं पायरीवर बसून तासन्‌तास बोलायचे. शिट्टीवाला ऐकून घेणारा होता, आणि काकांना दुसरं काय हवं होतं? समुद्रात दोन्हीकडचे कोळी भेटत, त्यांच्या हातून काकूंना खुशालीचे निरोप जात. काकूंनी एकदा शिट्टीवाल्यासाठी लोकरीचा स्वेटर विणून पाठवला. माणूस न बघता विणलेला, त्यामुळे बाह्या कोपरापर्यंतच आल्या. तो तसाच घालून यायचा.

एका हिवाळ्यात काकांना ताप आला. असा तसा नाही, उठता येईना, माणूस ओळखू येईना. शिट्टीवाला नेहमीसारखा आला आणि राहिला. त्यानं होडी खडकावर ओढून बांधली, काकांना मऊ भात भरवला, कपडे बदलले, आणि रोज संध्याकाळी वर जाऊन दिवा लावला. काका ग्लानीतसुद्धा विचारायचे, "लागला का?" आणि तो म्हणायचा, "लागला, झोप." ऐन मासळीचा हंगाम होता. काका पायावर उभे राहीपर्यंत तो संपून गेला, आणि शिट्टीवाल्याची जाळी त्या वर्षी कोरडीच राहिली. त्याबद्दल तो कधी चकार शब्द बोलला नाही.

पुढे काही वर्षांनी तणाव निवळला, सरकारी बोट पुन्हा सुरू झाली. तिच्याबरोबर गस्तीच्या नावाही आल्या, म्हणून शिट्टीवाल्याचं येणं कमी होत होत थांबलं. नीट निरोप घेणं झालंच नाही. मग दिवा आपोआप लागणारा झाला, माणसाची गरज संपली, आणि दिवेकाका घरी आले. घरी त्यांना कसं राहायचं ते कळत नव्हतं. मुलगी मोठी होऊन मास्तरीण झाली होती; तिचं बरंचसं लहानपण काकांनी निरोपांतून ऐकलं होतं. शेजारीपाजारी पहिले काही महिने त्यांच्या गोष्टी ऐकायचे, नंतर त्यांना येताना बघून वाट बदलायचे. "खडकावरचं पुराण आलं," असं कुणीतरी म्हटलेलं एकदा त्यांच्या कानावर पडलं होतं.

आणि मग खडकाजवळ समुद्राच्या तळाशी वायू सापडला.

ज्या दगडावर कांदा उगवत नव्हता, त्याच्यासाठी दोन सरकारं हमरीतुमरीवर आली. शेवटी ठरलं, की तिसऱ्या देशात लवाद नेमावा, पंच म्हणतील ते दोघांनी ऐकावं. पण भांडायचं तर समोर कुणीतरी असावं लागतं. म्हणून आमच्या सरकारनं इतक्या वर्षांनी पलीकडच्या किनाऱ्याला देश म्हणून मान्यता दिली, आणि शाई वाळायच्या आत त्याच्याविरुद्धची कैफियत लिहायला घेतली.

सरकारची वकीलबाई एके सकाळी काकांच्या घरी आली. वयानं त्यांच्या मुलीएवढी, बोलायला मऊ. चहाचा कप हातात घेऊन तिनं समजावून सांगितलं, "काका, खडक कुणाच्या जवळ आहे, एवढ्यावर हे ठरत नाही. तिथे राज्यकारभार कुणी चालवला, सतत, उघडपणे, कुणाची परवानगी न मागता, ते पंच बघतील."

"राज्यकारभार? तिथे तर मी एकटाच होतो."

"तेच म्हणतेय मी," वकीलबाई म्हणाली. "तिथलं राज्य म्हणजे तुम्हीच."

या वाक्यानं काकांचा घात केला. जन्मभर वरिष्ठांनी ज्याला विसरून टाकलं होतं, तो माणूस एकदम राज्य झाला. दारातून ऐकणारी मुलगी बापाकडे अशी बघत होती, जसं तिनं आजवर कधीच बघितलं नव्हतं. काका रंगात आले. वादळं सांगितली, काचा सांगितल्या, बोट बंद झाल्याचं सांगितलं, आणि ओघात शिट्टीवाल्यावर येऊन पोहोचले.

वकीलबाईनं कप खाली ठेवला.

"काका, खोटं बोला असं मी कुणालाही सांगत नाही, तुम्हालाही सांगणार नाही. पण एक लक्षात घ्या. त्यांचं तेल, त्यांचा माणूस, त्यानं दिवा लावला, आणि आपला सरकारी नोकर त्याला हरकत घेत नाही. त्यांचे वकील म्हणतील, हीच तर त्यांच्या राज्याची कबुली. आणि आपल्याकडचे लोक काय म्हणतील, ते तुम्हीच बघा."

ती गेल्यावर काकू म्हणाल्या, "जे झालं ते सांगून टाका. त्यात लाजण्यासारखं काय आहे?" काका हो म्हणाले. पण मुलीनं त्यांचा कोट इस्त्री करायला काढला होता, गल्लीतली माणसं पुन्हा ओट्यावर येऊन बसायला लागली होती, आणि वर्तमानपत्रात छापून आलं होतं, 'खडकावरचा एकटा पहारेकरी'. एकटा. त्या शब्दावर काकांची बोटं पुन्हा पुन्हा फिरायची.

लवादाचं दालन थंड होतं. पाय रुततील असा गालिचा, उंच खिडक्या, प्रत्येकाच्या कानाला यंत्र. काकांच्या बोलण्याचं दुभाषी भाषांतर करायचा, त्यामुळे ते एक वाक्य बोलून थांबायचे आणि त्यांचं वाक्य दुसऱ्याच कुणाच्या आवाजात खोलीभर फिरायचं. आपल्या बाजूची सुनावणी झकास झाली. मग पलीकडचा वकील उठला. वयस्क, सभ्य माणूस.

"बोट बंद झाल्यावर तुमच्याकडे तेल कुठून येत होतं?"

"साठा होता," काका म्हणाले.

"एवढी वर्षं पुरेल असा?"

"जपून वापरत होतो."

"तुम्ही कधी आजारी पडलात?"

"नाही."

वकिलानं पंचांची परवानगी घेऊन बाजूचं दार उघडायला लावलं. आत आला तो शिट्टीवाला. केस पांढरे झाले होते, अंगावर उसना वाटेल असा कोट होता. मनगटं बाहीच्या बाहेर आली होती; त्याच्या मापाचं कापड जगात बहुतेक नव्हतंच. त्यानं काकांना बघितलं आणि त्याचा सगळा चेहरा हलला. ओठांचा चंबू केला, आणि आपण कुठे आहोत हे आठवून, शिट्टी न वाजवताच, तो चंबू हसण्यात मोडून टाकला.

"या गृहस्थांना तुम्ही ओळखता?" वकिलानं विचारलं.

पुढे काका सांगत, की त्या क्षणी त्यांना दोन्ही उत्तरं तोंडात जाणवत होती. 'हो' म्हटलं असतं तर आधीची तिन्ही उत्तरं खोटी ठरत होती. मागच्या रांगेत आपल्या वर्तमानपत्राचा माणूस बसला होता. घरी मुलगी रेडिओला कान लावून बसली होती.

"नाही," ते म्हणाले. आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "मी या माणसाला कधी पाहिलेलं नाही."

दुभाष्यानं तेही तंतोतंत सांगितलं. शिट्टीवाला हसतच होता. भाषांतर त्याच्या कानात पोहोचायला थोडा वेळ लागला असावा, कारण हसू जरा उशिरानं गेलं. खरं तर त्याला भाषांतराची गरजही नव्हती. दोघांची भाषा एकच होती.

दुपारी त्याची साक्ष झाली. काका मागे बसून ऐकत होते. त्यानं पाण्याचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, तापाचं सांगितलं. "हा माणूस शुद्धीवर नसतानाही दिवा लागला का विचारायचा," तो म्हणाला. "असा दिवेवाला कुठल्याच देशाला मिळायचा नाही." मग आपली वकीलबाई उलटतपासणीला उठली.

"पण ते तर तुम्हाला ओळखतच नाहीत. मग तुमच्या म्हणण्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

शिट्टीवाल्यानं मान वळवून मागे बघितलं. काकांनी गालिच्याकडे नजर लावली.

"ते तापात होते," शिट्टीवाला म्हणाला. "विसरले असतील. त्यांना बोल नका लावू."

काका परत आले तेव्हा धक्क्यावर गर्दी होती, हार होते, मुलीच्या शाळेतली पोरं रांगेत उभी केली होती. कुणीतरी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. वरून त्यांना काकू दिसल्या नाहीत.

काकू घरी होत्या. स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी चिरत होत्या. त्यांनीही रेडिओ ऐकला होता.

"ओळखत नाही म्हणालात," त्या एवढंच म्हणाल्या.

"तसं म्हणणं भाग होतं गं. देशाचा प्रश्न होता."

"कधी पाहिलेलं नाही, हेसुद्धा भाग होतं?"

काकांनी बूट काढले, कोट काढला, आणि काय करावं ते न सुचून पुन्हा कोट घातला. काकूंनी त्यांना जेवायला वाढलं, सगळं वेळेवर केलं, पण त्या दिवसापासून त्या काकांना "अहो, श्वास तरी घ्या" असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायची वेळच आली नाही. काका बोलायचे थांबले होते. न्हाव्याकडे गेले तर आरशाकडे पाठ करून बसायचं म्हणायचे. "असं कसं जमेल काका?" न्हावी हसून म्हणायचा. काका डोळे मिटून घ्यायचे.

वर्षभरानं निकाल लागला. खडक आमचा ठरला, त्याच्याभोवतीचं पाणी आमचं ठरलं. फटाके फुटले. दिवेकाकांचा सत्कार झाला, आणि ते सत्काराला उत्तर द्यायला उभे राहिले. "मी काही केलं नाही," असं म्हणून ते खाली बसले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. केवढा हा विनय, म्हणाले. खोटं बोलून मिळालेल्या मानाइतकाच हा न मागता मिळालेला मान त्यांना बोचला. आता ते खरं बोलत होते, तर तेही त्यांच्या मोठेपणात जमा होत होतं.

थोड्याच दिवसांत बंदरावर बातमी आली, की पलीकडच्या होड्यांना खडकाच्या आसपास जाळं टाकायची बंदी झाली. आजे-पणजे जिथे मासे धरत आले, तिथे गस्तीच्या नावा त्यांना हुसकावून लावतात. बंदरावर काहींना त्याचं बरं वाटलं. काका घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शेवटी एक दिवस ते उठले आणि राजधानीत वकीलबाईच्या कचेरीत गेले. काच लावलेली केबिन होती, खाली रस्त्यावर गाड्या वाहत होत्या. काका खुर्चीच्या कडेवर बसले.

"मला साक्ष बदलायची आहे," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. तो माणूस खरं सांगत होता. मला शिक्षा होईल ती होऊ दे. खडक द्यायचा असेल तर त्यांना देऊन टाका."

वकीलबाईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट ती काकांकडे फार मायेनं बघायला लागली, आणि तेच काकांना भीतीदायक वाटलं.

"काका, निकाल अंतिम असतो. आणि तुम्ही तो वाचला नाही वाटतं."

"मला काय कळणार त्यातलं?"

"खडक आपल्याला मिळाला तो एका जुन्या सरकारी नोंदीमुळे. दोन्ही किनारे एक होते त्या काळात जिल्ह्यांची हद्द आखली होती, त्यात खडक आपल्या जिल्ह्यात धरला होता. देश फुटला की जुनी जिल्ह्याची हद्दच देशाची हद्द धरतात, बहुतेक वेळा. पंचांनी तेवढ्यावरच निकाल दिला."

"आणि माझी साक्ष?"

ती जरा घुटमळली. "दोन्हीकडच्या साक्षींबद्दल एक वाक्य आहे. पंच म्हणाले, खूप वर्षांपूर्वीच्या आठवणी आहेत, आणि आपापल्या बाजूच्या माणसांच्या आहेत, म्हणून त्या विचारात घेतल्या नाहीत."

"विचारातच घेतल्या नाहीत?"

"नाही."

"म्हणजे मी हो म्हटलं असतं, तरी..."

"तरी निकाल हाच लागला असता."

आतापर्यंत काकांपाशी निदान एक आडोसा होता, की देशासाठी केलं. पाप केलं, पण कशासाठी तरी केलं. आता तोही गेला. माणूस विकला होता आणि बदल्यात कुणाला काही मिळालं नव्हतं. वकीलबाईनं पाणी मागवलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. काका पाणी न घेताच जिना उतरले.

दोन्ही देशांत आता प्रवासी बोट सुरू झाली होती. काकूंना सांगून काका पलीकडे गेले. धक्क्यावर एका तरुण अधिकाऱ्यानं त्यांच्या पासपोर्टवर त्या देशाच्या नावाचा शिक्का मारला, आणि "या, स्वागत आहे," म्हणाला. काका खाली बघत पुढे सरकले. शिट्टीवाल्याला शोधायला वेळ लागला नाही. होडी विकून तो आता बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला होता. कारखान्याच्या मागच्या दारात, हातात लोखंडी आकडा घेऊन, तो बर्फाच्या लाद्या गाडीत ढकलत होता. त्यानं काकांना बघितलं. हातातली लादी नीट आत सरकवली, मगच थांबला.

"दिवेवाला," तो म्हणाला. "बस."

दोघं उलट्या पेटाऱ्यांवर बसले. काका वाटेत पाठ केलेलं सगळं बोलणं विसरले.

"मी तुला ओळखलं होतं," ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मला तोंड दाखवायला जागा नाही."

शिट्टीवाल्यानं आकडा मांडीवर आडवा ठेवला. "मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्यांनी शिकवलं तसं मीही वाढवून सांगितलं. तेल बंदरखात्यानं पाठवलं म्हणालो. कुणी पाठवलं नव्हतं. मीच ढापून आणायचो गोदामातून. देशबिश काही नव्हतं त्यात."

काकांना वाटलं, आता तो हसेल, आणि सगळं सैल होईल. तो हसला नाही.

"खोटं दोघंही बोललो," तो म्हणाला. "त्याचं मला काही नाही. पण तू 'ओळखत नाही' म्हणालास आणि मी वाट बघत राहिलो. म्हटलं, वर तरी बघेल. एकदा वर बघायचं होतंस रे."

काकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शिट्टीवाल्यानं त्यांना रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, आणि उठूनही गेला नाही. थोड्या वेळानं आतून मुकादम आला, काकांकडे बघून म्हणाला, "कोण हे?"

शिट्टीवाला क्षणभर थांबला. "ओळखीचे आहेत," तो म्हणाला, आणि आकडा उचलून कामाला लागला.

परत आल्यावर काकांनी लोकांना खरं सांगायला सुरुवात केली. ओट्यावर सांगितलं, धक्क्यावर सांगितलं. लोक म्हणाले, वय झालं, काका भ्रमिष्ट झाले. मुलीनं एकदा त्यांचा हात धरून विनवलं, "बाबा, पुरे ना. माझी शाळेत पंचाईत होते." तिला ते म्हणाले, "तुझ्यासमोर मोठं दिसायला गेलो गं मी." ती त्या संध्याकाळी जेवली नाही. पण पुन्हा कधी त्यांना गप्प बसा म्हणाली नाही.

त्याच सुमारास कोळ्यांच्या सोसायटीची सभा होती. वादळात पलीकडच्या होड्यांना खडकाच्या आडोशाला उभं राहू द्यायचं का, यावर सरकारनं त्यांचं मत मागवलं होतं. बहुतेकांचा सूर नकाराचा होता. काका उठले, लोकांनी कपाळावर हात मारला. या खेपेला ते थोडकंच बोलले. एक माणूस आपल्या हंगामावर पाणी सोडून परक्याच्या उशाशी बसला होता आणि मी त्याला ओळख दिली नाही, एवढं सांगून म्हणाले, "वादळात कुणाला हाकलायचं झालं, तर ते काम तुम्ही करा. मी एकदा केलंय, पुन्हा नाही करायचा."

सभेत बराच वाद झाला. शेवटी वादळापुरता आसरा द्यावा असं ठरलं. जाळं मात्र टाकू द्यायचं नाही. सरकारनंही ते मान्य केलं. शिट्टीवाल्याला त्याचा काही उपयोग नव्हता. त्याची होडी केव्हाच दुसऱ्याच्या मालकीची झाली होती.

दिवेकाका त्यानंतर काही वर्षं जगले. पलीकडे पुन्हा गेले नाहीत. तिकडून एखादा कोळी आला की त्याच्याकडे शिट्टीवाल्याची चौकशी करायचे. बरा आहे, गुडघे दुखतात, नातू झाला, असं काहीबाही कळायचं. "काही निरोप सांगू का?" कोळी विचारायचा. काका जरा विचार करायचे आणि नको म्हणायचे. काकू मात्र दरवेळी आतून ओरडून सांगायच्या, "आमचा नमस्कार सांग म्हणावं, दोघांचाही."